गीझर घेताय? आधी बादल्या मोजा

दुकानात जाण्याआधी घरातली सकाळ एकदा नीट पाहा. किती जण, किती वाजता, बादलीने आंघोळ करतात की शॉवरने, ते कागदावर मांडा. पुण्यातल्या डिसेंबरात १५ लिटर टाकीतल्या ६० अंशांच्या पाण्यात नळाचं गार पाणी मिसळलं, की आंघोळीजोगं साधारण २७ लिटर, म्हणजे दीड बादली पाणी होतं. पाठोपाठ तिघं-चौघं आंघोळीला जाणार असतील तर २५ लिटरचाच घ्या. ३ लिटरचा इन्स्टंट सिंकसाठी उत्तम. ३ किलोवॉटचा असला, तरी थंडीत बादली भरायला दहा मिनिटं घेतो.

मग पाणी कुठलं येतं ते बघा. हे हमखास विसरलं जातं. खडकवासल्याचं पाणी असेल तर फारशी काळजी नाही, पण बोअर आणि टँकरवरच्या सोसायट्यांत क्षार गीझरचं आयुष्य खातात. आमच्या गीझरचं कॉइल तीन वर्षांनी प्लंबरने बाहेर काढलं, तेव्हा त्यावर पांढरा खरखरीत थर चढला होता. पान्याने टिचकी मारताच खपल्या फरशीवर पडल्या. अशा पाण्यासाठी आतून काचेचा मुलामा असलेली टाकी घ्या आणि टाकीऐवजी स्वतः झिजणारी आतली सळई, म्हणजे अॅनोड रॉड, दरवर्षी तपासून घ्या. इमारत उंच असेल तर ८ बार दाब सोसणारी टाकी मागा.

पाइपचा गॅस आलाय म्हणून गॅस गीझरचा विचार चालू असेल, तर तो बाथरूममध्ये अजिबात बसवू नका. गॅस जळताना तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. माणूस आत बेशुद्ध पडतो आणि दाराला आतून कडी असते. ड्राय बाल्कनी चालेल, पण तिला काचा लावून बंद केलेलं नसावं.

गच्ची हक्काची असेल तर सोलरच घ्या. दोघा-तिघांना १०० लिटर पुरतं. महापालिका मिळकतकरात सवलत देते, तिची चौकशी करा. पाणी जड असेल तर काचेच्या नळ्यांचा बरा. जुलै-ऑगस्टच्या झडीसाठी विजेचं कॉइल हवंच. सकाळी पाइपातलं गार पाणी आधी येतं, ते झाडांसाठी धरून ठेवा.

विजेचा गीझर असेल तर १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट लागेल. भिंतीला ड्रिल लावण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.