फ्लो चेंबर चालवताना या चुका टाळा

रक्ताच्या प्रवाहाने धमनीच्या भिंतीवर काय होतं, हे पाहायला आपण चेंबरमध्ये एंडोथेलियल पेशी (रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी) वाढवतो आणि त्यांच्यावरून मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, सोडतो. गोव्यात या कामाला नव्याने लागलेल्या एमएस्सी, पीएचडीच्या मुलांना माझं एकच सांगणं: पंपावर दिसणारा आकडा आणि पेशीला लागणारा ताण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सगळ्यात महाग पडते व्हिस्कॉसिटीची, म्हणजे द्रवाच्या दाटपणाची, चूक. प्रवाहावरून ताण काढायच्या सूत्रात सवयीने रक्ताची व्हिस्कॉसिटी, म्हणजे साधारण 3.5 सेंटिपॉइज, घातली जाते. पण चेंबरमधून वाहतं ते मीडियम, आणि 37 अंशांना त्याची व्हिस्कॉसिटी जेमतेम 0.7 असते. वहीत 12 डाइन प्रति चौरस सेंटिमीटर लिहिलेलं असतं, पेशींना मिळतात 2.4. निरोगी धमनीच्या सरळ भागात 10 ते 20 डाइन असतात. 4 च्या खालचा, दिशा बदलत राहणारा ताण धमनीला फाटे फुटतात तिथे आढळतो, आणि चरबीचे थर नेमके तिथेच साचतात. म्हणजे तुम्ही निरोगी धमनी म्हणून जे मोजलं, ते आजाराच्या जागेजवळचं निघालं! मीडियमची व्हिस्कॉसिटी स्वतः मोजा. वाढवायची असेल तर डेक्स्ट्रान (द्रव दाट करणारी एक शर्करा) घाला.

चेंबरची उंचीही तपासा. सूत्राच्या छेदात तिचा वर्ग येतो, त्यामुळे गॅस्केट (चेंबरच्या कडेची सीलबंद पट्टी) जास्त आवळून 0.4 मिलिमीटरचे 0.36 झाले, तर तेवढ्याच प्रवाहात ताण जवळपास 23 टक्के वाढतो.

पेशी पट्ट्या-पट्ट्यांनी उखडल्या असतील तर आधी बुडबुडे शोधा. फ्रिजमधलं गार मीडियम थेट जोडलं की तापताना त्यातली हवा सुटते. ते आधी इन्क्युबेटरमध्ये ठेवा आणि नळीत बुडबुडे अडवायचा ट्रॅप लावा. पंप एकदम पूर्ण वेगाने सुरू करू नका, वेग टप्प्याटप्प्याने चढवा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते-येते, म्हणून पंप यूपीएसवरच हवा. मध्येच प्रवाह थांबला असेल तर ती प्लेट 'सलग 24 तास' म्हणून मोजू नका.

पेरिस्टाल्टिक पंपाचे (नळी दाबत द्रव पुढे ढकलणाऱ्या पंपाचे) ठोके म्हणजे हृदयाचे ठोके नव्हेत. स्थिर प्रवाह हवा असेल तर हे ठोके शमवणारा डॅम्पर लावा.

नाळेच्या शिरेतल्या पेशी सहज मिळतात, पण त्या शिरेच्या आहेत. निष्कर्ष धमनीबद्दल काढायचा असेल तर निदान शेवटचा प्रयोग धमनीच्या पेशींवर करा. चेंबरऐवजी ऑर्बिटल शेकर (प्लेट गोल-गोल हलवणारं यंत्र) वापरत असाल तर प्लेटमधल्या प्रत्येक खळग्याच्या (वेलच्या) मध्यातल्या आणि कडेच्या पेशी वेगवेगळ्या गोळा करा, कारण दोन्हीकडचा प्रवाह सारखा नसतो.