ऑक्सिजन लावा, पण किती?

कॅज्युअल्टीत पेशंट आला की नातेवाइकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "सिस्टर, आधी ऑक्सिजन लावा!" नव्याने ड्युटीला लागलेल्यांनी आधी बोटाला पल्स ऑक्सिमीटरचा प्रोब लावावा, तो सॅच्युरेशन म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवतो. बोटं गार असतील तर चोळा. नेलपेंट, मेंदी असेल तर कानाची पाळी. मशीनवरचे ठोके मनगटाच्या नाडीशी जुळले तरच आकडा खरा धरा. शॉकमधला (रक्तदाब कोसळलेला) किंवा मोठ्या अपघातातला पेशंट मात्र आकड्यासाठी थांबत नाही. त्याला लगेच नॉन-रिब्रीदर म्हणजे पिशवीवाला मास्क, मिनिटाला 15 लिटरवर, पिशवी आधी फुगवून.

बाकी बहुतेकांना सॅच्युरेशन 94 ते 98 पुरे. हार्ट अटॅकची शंका आहे पण सॅच्युरेशन 96? नको. स्वीडनमधल्या 2017च्या मोठ्या अभ्यासात अशांना ऑक्सिजन देऊन फायदा दिसला नाही. नातेवाईक कुरकुरतील, तोवर ईसीजी काढा.

खरं डोकं लागतं ते सीओपीडीत, म्हणजे धुराने फुप्फुसं कायमची खराब झालेल्या दम्यासारख्या आजारात. आमच्याकडे त्यात बिडीवाल्या आजोबांबरोबर जन्मभर चूल फुंकलेल्या आज्याही येतात, म्हणून चुलीचंही विचारा. यांना 88 ते 92च ठेवायचं. ठरावीक टक्केच ऑक्सिजन देणारा व्हेंचुरी मास्क, 28 टक्क्यांचा पांढरा, 4 लिटरवर, नसेल तर नाकातल्या नळीने 1-2 लिटर. जास्त दिलात तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पेशंट गुंगतो. "आत्ता कुठे शांत झोपल्या बघा," असं सून म्हणाली की मी आधी आजींना हलवून उठवते. नीट उठल्या नाहीत तर डॉक्टरांना हाक मारायची, एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) पाठवायचं. आणि घाबरून ऑक्सिजन एकदम काढायचा नाही, सॅच्युरेशन पहिल्यापेक्षाही खाली कोसळतं. फ्लो हळूहळू उतरवा.

दोन विषबाधा अगदी उलट वागतात. गॅस गीझर चालू असलेल्या बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलेल्याचं सॅच्युरेशन 99 दिसेल. कार्बन मोनॉक्साइड मशीनला फसवतो. पूर्ण 15 लिटर द्या. तणनाशक पॅराक्वाट प्यायलेल्याला मात्र ऑक्सिजनने फुप्फुसं आणखी जळतात, सॅच्युरेशन खरंच घसरल्याशिवाय लावू नका.

साधा मास्क 5 लिटरच्या खाली कधीच नाही, सोडलेला श्वासच परत आत जातो. जिल्ह्याला रेफर करताना हिशोब करा: भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर, म्हणजे 10च्या फ्लोवर अडीच तास. घाटात ट्रॅफिक असतं, दुसरा सिलिंडर घ्याच. आणि सिलिंडरची चावी घट्ट झाली म्हणून वॉर्डबॉय मामा खोबरेल घेऊन आले तर त्यांचा हात धरा. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल लागलं की भडका उडतो.