मोठा कॅम टाकला आणि पिकअप गेला? कॅमशाफ्ट निवडताना या चुका टाळा

मारुतीची एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनची) एस्टीम आणि नंतरची जिप्सी, दोन्हींत सुझुकीचं १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं जी१३बीबी इंजिन आहे. आजही हौशी लोक ते शोधून काढतात आणि जपतात. एअर फिल्टर झाला, हेडर (एक्झॉस्टचे मोकळे पाइप) झाला की पुढची नजर कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर जाते, आणि तिथे जाणं रास्तच आहे. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा कोणी ढकलून देत नाही. व्हॉल्व्ह कधी, किती आणि किती वेळ उघडतात यावरच सिलिंडर किती भरणार ते ठरतं. घोळ होतो तो निवडताना, आणि बहुतेकदा एकाच बाजूला: कॅम गरजेपेक्षा मोठा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ आणि जास्त उघडणारा, घेतला जातो.

डिग्रीचा आकडा पाहून पैसे देणं

व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो ते क्रँकच्या डिग्रीत सांगतात, त्याला ड्युरेशन म्हणतात. पण नुसत्या ‘२७० डिग्री’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. कोणी व्हॉल्व्ह जेमतेम ०.१५ मिलिमीटर उचलला की मोजायला सुरुवात करतो, कोणी १ मिलिमीटरला, तर अमेरिकन पद्धतीत ५० थाऊला, म्हणजे १.२७ मिलिमीटरला. एकच कॅम पहिल्या मापात २७० आणि शेवटच्या मापात २३०च्या आसपास भरू शकतो. त्यामुळे दोन विक्रेत्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी दोघांनाही विचारा, ‘किती लिफ्टला मोजलंय?’ उत्तर येत नसेल, मापं लिहिलेलं कॅम कार्डही मिळत नसेल, तर तो माल सोडून द्या.

दुसरा प्रश्न लोब सेंटरचा. लोब म्हणजे कॅमवरचा व्हॉल्व्ह उचलणारा उंचवटा. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही २७० डिग्रीचे आणि लोबमधला कोन ११० असेल, तर ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ, २७० वजा २२० (११०ची दुप्पट) म्हणजे ५० डिग्री. कोन १०६ केला की तोच ५८ होतो. वर ताकद मिळते, पण आयडलला जळालेला वायू परत इनटेकमध्ये शिरतो आणि इंजिन लंगडतं. जी१३बीबीसारख्या एकाच कॅमच्या इंजिनात हा कोन ग्राइंड करतानाच ठरतो. कॅम पुढेमागे फिरवता येणारी अॅडजस्टेबल पुली लावली तरी दोन्ही लोब एकत्रच सरकतात.

गिअरबॉक्सचा हिशोब न करणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि टाळायला लागतो फक्त कॅल्क्युलेटर. एस्टीमच्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये पहिला ३.४१६, दुसरा १.८९४ आणि तिसरा १.२८० आहे. ६८०० आरपीएमला पहिल्यातून दुसऱ्यात गेलात तर काटा येतो ३८००च्या आसपास; दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ४६००च्या जवळ. आता कॅमची खरी ताकद ४५००नंतर सुरू होत असेल, तर दुसरा टाकल्यावर दरवेळी इंजिन खड्ड्यात पडणार. आंबोली किंवा खंबाटकीच्या चढावर चार माणसं बसवून हा प्रयोग करायची गरज नाही, कागदावरच दिसतो. रॅलीवाले क्लोज रेशो, म्हणजे एकमेकांच्या जवळचे, गिअर लावतात, त्यांना असा कॅम चालतो. रस्त्यावरच्या गाडीला जो कॅम योग्य वाटतोय, त्याच्या एक पायरी खालचा घ्या.

कॉम्प्रेशन तेच ठेवून कॅम मोठा करणं

लांब ड्युरेशनचा कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो. इनटेकचा मध्य ११० डिग्रीला धरला, तर २४०चा कॅम बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली असतो तिथून) ५० डिग्रीला बंद होतो, २७०चा ६५ला. तोपर्यंत पिस्टन वर निघालेला असतो आणि कमी आरपीएमला आत आलेली हवा तो परत बाहेर ढकलतो. साडेनऊच्या आसपासचं मूळ कॉम्प्रेशन मग प्रत्यक्षात आणखी कमी भरतं. ‘पिकअप मेला’ ही तक्रार इथूनच येते. हेड थोडं घासून कॉम्प्रेशन वाढवता येतं, पण मग पुढचा मुद्दा आणखी गंभीर होतो.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर न मोजणं

‘बसला ना, फिरतोय ना’ ही तपासणी नव्हे. व्हॉल्व्ह पिस्टनच्या सगळ्यात जवळ टीडीसीच्या (पिस्टनच्या सगळ्यात वरच्या जागेच्या) आगेमागे १० डिग्रीला असतो. पिस्टनवर खेळण्यातली मऊ माती लावा, हेड जुन्या गॅस्केटसह कसा, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून इंजिन हातानं दोन फेरे फिरवा, उघडा आणि माती कापून व्हर्नियरनं मोजा. इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर ही सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा. सोबत पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, निदान १ मिलिमीटर शिल्लक आहे ना, आणि रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) ऑइल सीलवर आपटत नाही ना, तेही पाहा.

स्वस्तातला रीग्राइंड डोळे झाकून घेणं

आपल्याकडे तयार कॅमपेक्षा जुनाच ग्राइंड करून घेण्याकडे कल जास्त. पद्धत वाईट नाही. चांगला ग्राइंडिंगवाला उत्तम काम करतो. पण लोबची उंची वाढत नसते. खालचा गोल भाग, म्हणजे बेस सर्कल, घासून लिफ्ट मिळवली जाते. मग रॉकर, म्हणजे लोबचा धक्का व्हॉल्व्हला देणारा हात, खाली बसतो, टॅपेटचा स्क्रू जास्त बाहेर काढावा लागतो आणि रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या मध्यावर न पडता कडेला दाब देतं. व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ते गाइड त्यानं झिजतात. शिवाय कॅमचा वरचा कडक थर ठरावीक जाडीचाच असतो. तो संपला की मऊ लोखंड उघडं पडतं. घासल्यानंतर कडकपणा तपासून देणार का, हे काम देण्याआधीच विचारा.

जुने झिजलेले रॉकर नव्या लोबवर तसेच बसवू नका. रॉकरचं पॅड लोबवर घासत चालणाऱ्या इंजिनात लोबला असेंब्ली पेस्ट लावा आणि सुरू झाल्यावर आयडलवर सोडू नका. पहिली वीसेक मिनिटं २००० ते २५०० आरपीएम खालीवर करत चालवा.

मार्क जुळले म्हणजे टाइमिंग जुळलं असं मानणं

हेड घासलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि टाइमिंग किंचित मागे पडतं. अर्धा मिलिमीटर घासला तरी क्रँकवर साधारण एक डिग्रीचा फरक. पुलीवर चाळीस दाते धरले तर बेल्टचा एक दात चुकणं म्हणजे क्रँकवर तब्बल १८ डिग्री. म्हणून क्रँकवर डिग्री व्हील (अंशांची चकती) आणि लिफ्ट मोजायला डायल गेज लावून इनटेकचा मध्य कार्डाशी ताडून पाहा.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

आयडलला काटा हेलकावे खात असेल तर आधी व्हॅक्युम लीक शोधा. तो नसेल तर आयडल १००० ते ११००वर घ्या. ओव्हरलॅपमुळे व्हॅक्युम घटतो, इनटेकमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरला तो जास्त लोड वाटतो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो. त्यात न जळलेली हवा एक्झॉस्टमध्ये गेल्यानं ऑक्सिजन सेन्सरही मिश्रण पातळ असल्याचं सांगतो. त्यामुळे मॅपिंगचा (ईसीयू नव्यानं जुळवण्याचा) खर्च कॅमच्या किमतीतच धरा. ब्रेक पेडल कडक झालं असेल तर कारण हाच घटलेला व्हॅक्युम, आणि पीयूसी आयडलला मोजतात म्हणून हायड्रोकार्बनवर अडकलात तर तेही ओव्हरलॅपचंच.

खालच्या आरपीएमला दम नसेल तर अॅडजस्टेबल पुलीवर कॅम २ ते ४ डिग्री अॅडव्हान्स करून बघा. इनटेक लवकर बंद होतो आणि टॉर्क खाली सरकतो. त्याआधी अंतर पुन्हा मोजा, कारण अॅडव्हान्स केल्यावर इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या आणखी जवळ येतो.

६५००नंतर इंजिन अचानक फडफडत असेल तर इग्निशन आणि फ्युएल प्रेशर पाहून झाल्यावर स्प्रिंगवर संशय घ्या. आणि एकाच टॅपेटची टिकटिक सेट केल्यावरही काही दिवसांत परत येत असेल, तर पुन्हा फिलर गेज हातात घेऊ नका. रॉकर कव्हर उघडा, त्या लोबची लिफ्ट डायल गेजनं शेजारच्या लोबशी ताडून पाहा. कमी भरली तर लोब झिजतोय आणि त्याचा चुरा ऑइलमध्ये फिरतोय. गाडी तिथेच थांबवा, ऑइल आणि फिल्टर काढून टाका, आणि बेअरिंग बघितल्याशिवाय नवा कॅम चढवू नका.