उभा कंडेन्सर फ्लड होतोय? या चुका टाळा

रिअ‍ॅक्टरवरच्या उभ्या रिफ्लक्स कंडेन्सरमध्ये (उकळत्या बॅचची वाफ थंड करून द्रव परत खाली पाठवणारं उपकरण) वाफ खालून वर चढते आणि द्रव त्याच ट्यूबमधून खाली उतरतो. वाफेचा वेग मर्यादेपलीकडे गेला की द्रव अडतो, साचतो, वर फेकला जातो; हेच फ्लडिंग. चेंबूर-माहुल असो की ठाणे-बेलापूर पट्टा, व्हेंटमधून (कंडेन्सरच्या वरच्या हवा-वाटेतून) सॉल्व्हंट यायला लागला की पहिला संशय कंडेन्सरचं पाणी गार करणाऱ्या कूलिंग टॉवरवर जातो. मुंबईच्या दमट हवेत तो साहजिकही आहे. पण फ्लडिंग असेल तर पाणी वाढवून काही होत नाही. वाफ आणि द्रव दोन्ही सर्वांत जास्त असतात ते ट्यूबच्या खालच्या तोंडाशी, आणि तिथे किती वाफ येणार हे रिअ‍ॅक्टरभोवतीच्या जॅकेटमधली स्टीम ठरवते.

म्हणून आधी डीपी, म्हणजे कंडेन्सरच्या खालच्या-वरच्या टोकांमधला दाबाचा फरक, बघा. कूलिंग कमी पडत असेल तर व्हेंट गरम लागतो, डीपी मात्र शांत असतो. फ्लडिंगमध्ये डीपी चढतो, नाचतो आणि साइट ग्लासमध्ये (पाइपवरच्या काचेच्या खिडकीत) रिफ्लक्स, म्हणजे परत येणारा द्रव, थांबून थांबून, लोंढ्याने येतो.

स्टीम जराशी कमी करून वाट बघत बसणं ही दुसरी चूक. फ्लडिंग ज्या वेगाला सुरू होतं त्याच वेगाला ते सुटत नाही, त्याच्या बरंच खाली यावं लागतं. स्टीम ठळकपणे उतरवा, साचलेला द्रव निथळू द्या, मग हळूहळू चढवा.

सर्वांत महागात पडते ती व्हॅक्यूमची चूक. 760 मिमी (पाऱ्याच्या) दाबावर चालणारी बॅच त्याच बाष्पीभवन-दराने 100 मिमीवर घेतली, तर वाफ विरळ होऊन तिचा वेग साधारण साडेसहापट होतो. फ्लडिंग वेगाइतकंच घनतेच्या वर्गमुळावरही ठरतं, म्हणून मर्यादेच्या दिशेने आपण सुमारे अडीचपट सरकतो. व्हॅक्यूमसाठी स्टीमचा वेगळा आकडा बॅचशीटमध्ये लिहिलेला हवाच.

ट्यूबच्या खालच्या टोकाकडे फारसं कोणी बघत नाही. फ्लडिंगचा वेग काढायच्या वॉलिसच्या समीकरणात धारदार टोकासाठी स्थिरांक 0.725 धरतात, गुळगुळीत गोलाई दिलेल्या टोकासाठी 0.9च्या आसपास. 25 मिमी ट्यूब, हवा-पाणी आणि अगदी थोडा द्रव धरला, तर वेगाची मर्यादा सेकंदाला साधारण 7.5 मीटरवरून 11च्या पुढे जाते. ट्यूबची टोकं तिरकी कापली तरी द्रव एका बाजूने ओघळतो आणि वाफेला वाट मिळते. ट्यूब ठीक असूनही त्रास होत असेल, तर कंडेन्सरखालचं नोझल (रिअ‍ॅक्टरला जोडणारं तोंड) मोजा. अरुंद नोझल ट्यूबच्या आधी फ्लड होतं.