रोज रात्री बंद करता, तरी कम्प्युटर अपडेट काहून होत नाही

मामाचं नागपूरच्या गांधीबागेत कापडाचं दुकान आहे, गल्ल्याशेजारी बिलिंगचा डेस्कटॉप. मे महिन्यात गेलो तं खाली घड्याळाजवळ तो संत्र्याच्या रंगाचा ठिपका येऊन बसलेला, म्हणजे अपडेट उतरलंय, रिस्टार्ट पाहिजे. मी म्हटलं मामा, हे काहून करत नाही? तं म्हणे, "अबे रोज रात्री बंद करूनच शटर पाडतो ना मी, अजून काय करू?" खोटं नव्हते बोलत. पण टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधे सीपीयूवर क्लिक केलं तं खाली अप टाईम १९ दिवस. मामा पाहूनच राहिले.

आता होतं काय, विंडोज १० आणि ११ मधे फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार बहुतेक मशीनवर आधीपासूनच चालू असतो. तुम्ही शट डाऊन करता तेव्हा तुमचे प्रोग्राम बंद होतात पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा ठेवून दिला जातो, म्हणून सकाळी पटकन सुरू होतं आणि आपल्याला वाटतं वा काय फास्ट आहे. पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होणं रिस्टार्टमधे होतं. लॅपटॉपवाले तं झाकण पाडतात न बॅगेत टाकतात, त्यांचं काय सांगावं.

म्हणून पहिली सवय: आठवड्यातून एकदा रिस्टार्ट. आणि पॉवरच्या बटणाखाली "अपडेट अँड रिस्टार्ट" किंवा "अपडेट अँड शट डाऊन" दिसलं तं तेच दाबा, त्याच्या बाजूचं साधं शट डाऊन नाही. मामा नेमकं ते साधंच दाबून राहिले होते, घाई असते ना घरी जायची.

वार पण ठरवून ठेवा. मायक्रोसॉफ्टचे सिक्युरिटी अपडेट २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तोवर रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. म्हणजे आपला वार बुधवार. सकाळी सेटिंग्ज, विंडोज अपडेट, चेक फॉर अपडेट्स, आणि तर्री पोहे खाऊन या, बाकी ते पाहून घेईल. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असाल आणि ते कनेक्शन मीटर्ड (म्हणजे डेटा जपून वापरायचं) म्हणून लावलेलं असेल तं बरेचसे अपडेट आपोआप उतरतच नाहीत, घरच्या वायफायवर एकदा बसावंच लागते.

दुपारी मात्र करू नका. उन्हाळ्यात दुपारी सगळ्या मोहल्ल्याचे कूलर चालू, लाईट कधी जाईल नेम नाही. डेस्कटॉपला यूपीएस हवाच, लॅपटॉप चार्जिंगला लावूनच बसवा. मधेच लाईट गेली तरी हातपाय गाळू नका, बहुतेक वेळा विंडोज स्वतःच "अनडूइंग चेंजेस" दाखवून जुन्या जागेवर येते, फक्त तेवढा वेळ पॉवर बटण दाबत बसू नका. टक्के एकाच आकड्यावर बराच वेळ अडकले तरी तेच.

चेक फॉर अपडेट्स दाबून काहीच होत नसेल तं कोणीतरी बंद करून ठेवलंय. मामाकडे नाही पण माझ्या स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर हे निघालं, ज्याने विंडोज मारून दिली त्याने "स्लो होते" म्हणून अपडेटची सर्व्हिसच डिसेबल केली होती आणि मी दीड वर्ष खुशीत होतो. स्टार्टमधे सर्व्हिसेस शोधा, यादीत विंडोज अपडेट पाहा, डिसेबल्ड असेल तं मॅन्युअल करा. क्रॅक मारलेली विंडोज असेल तं असल्या गोष्टी जास्तच निघतात, आणि ती फुकटात चालू करून देणाऱ्या ॲक्टिवेटरमधे अजून काय भरलंय ते देवालाच माहीत.

एवढं काहून करायचं? २०१७ ची वॉनाक्राय आठवा, फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारी ती व्हायरसची साथ. ज्या भोकातून ती घुसली ते बुजवणारा अपडेट १४ मार्चलाच आला होता, हल्ला झाला १२ मे ला. दोन महिने! ज्यांनी तेव्हा "नंतर आठवण करा" दाबलं त्यांच्या फाईली कुलुपात गेल्या.

विंडोज १० वाल्यांनी वेगळं ऐका. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजचं बटण आणि आर दाबून डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर टाईप करा, कोणती आहे ते कळते. १० निघाली तं विंडोज अपडेटच्याच पानावर वाढीव सिक्युरिटी अपडेटसाठी एनरोल करायची लिंक पाहा, ही सोय घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची म्हणून आणली होती. मशीन टीपीएम २.० (सिक्युरिटीची चिप) वालं असेल आणि ११ घेत असेल तं सरळ ११ करा. जुन्या मशीनवर जबरदस्ती करून ११ घुसवायचे व्हिडिओ आहेत खूप, दुकानाच्या मशीनवर मी तं नाही करणार.

वेबसाईट पाहता पाहता "तुमचं विंडोज जुनं झालं, इथे क्लिक करा" असं आलं तं तो टॅब बंद करा, खरा अपडेट सेटिंग्जमधूनच येतो. खाली फोन नंबर दिला असेल तं शंभर टक्के चोर, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमधे फोन नंबर नसतोच. पैसे गेलेच तं लगेच १९३० लावा, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन आहे ती.

आणि विंडोज ११ चा लॅपटॉप असेल तं अपडेटच्या आधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून पाहून कागदावर उतरवून ठेवा. कधी कधी रिस्टार्टनंतर निळ्या स्क्रीनवर तीच मागते, आणि तेव्हा ज्या लॅपटॉपवरून शोधायची तोच बंद पडलेला असतो. माझी मामाच्या उधारीच्या वहीत मागच्या पानावर आहे, ती वही ते कधीच हरवत नाहीत.