'मोअर बेटर' म्हणणाऱ्यांनो, या चुका टाळा

इंग्रजी शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, 'मोअर बेटर' कानावर पडलं नाही असा आठवडा जात नाही. 'जास्त चांगलं' आपल्या जिभेवर बसलेलं, म्हणून जास्तसाठी मोअर, चांगलंसाठी बेटर. पण बेटरच्या पोटात 'जास्त' आधीच आहे. मोअर टॉलर, मोअर फास्टर ही त्याचीच भावंडं. जोर द्यायचाच तर मच बेटर म्हणा. व्हेरी बेटर नको.

एकाने मला ऐकवलं, शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'मध्ये 'मोस्ट अनकाइंडेस्ट' आहे. आहे ना, नाटक १५९९च्या सुमाराचं. मुलाखत घेणारे तेव्हाचे असतील तर खुशाल वापर म्हटलं.

मुलाखतीच्या तयारीला आलेल्या एका मुलाचा हा मोअर मी सारखी खोडत होते. त्याला धीर कुठला! कुठलासा चिमुकला व्हिडिओ बघून आला आणि मोअरच हद्दपार केला. सराव मुलाखतीत छाती काढून म्हणाला, 'आय ॲम रिस्पॉन्सिबलर दॅन अदर्स.' पाठोपाठ 'इंटेलिजंटर'. वर बाकीच्या मुलांनी ते वहीत उतरवूनही घेतलं! पुढचे कितीतरी दिवस सगळ्यांच्या वह्यांतून रिस्पॉन्सिबलर उपटत बसले.

व्हिडिओतली युक्ती साधारण अशी असते: छोट्या शब्दाला अर, मोठ्याला मोअर. टॉलर, हॅपिअर, मोअर इंटरेस्टिंग इथपर्यंत ती चालते. मग 'फन' येतो, तेवढासा शब्द, तरी मोअर फन. मी गुड-बेटर, बॅड-वर्स, लिटल-लेस एवढं पाठ करून घेते आणि बाकीचं रोज मोठ्याने वाचायला लावते. कंटाळवाणं आहे, पण कान तयार होतो.

दुसरा माझा दुखरा विषय क्रियाविशेषणांचा. आपण 'ती चांगली गाते', 'तो चांगला गातो' म्हणतो. गाणं कसं आहे ते सांगणारा शब्दही गाणाऱ्याप्रमाणे वळतो. त्याच सवयीने 'शी सिंग्ज मोअर ब्यूटिफुल' येतं. इंग्रजीत गाणारी वेगळी, गाणं वेगळं: मोअर ब्यूटिफुली. तसंच ड्राइव्ह मोअर केअरफुली. इझीचं इझिअर होतं म्हणून घाईत इझिलीचं 'इझिलिअर' करणारेही भेटतात. तिथे मोअर इझिलीच. फास्ट, हार्ड, अर्ली मात्र विशेषण आणि क्रियाविशेषण दोन्ही म्हणून त्याच रूपात चालतात, म्हणून फास्टर, हार्डर, अर्लिअर. 'फास्टली' असा शब्दच नाही, कृपा करा. माझी सवय सांगते: क्रियापदावर बोट ठेवायचं आणि 'कसं?' विचारायचं. उत्तरात जो शब्द येईल तो क्रियाविशेषणाच्या रूपात आहे ना, बघायचं.

सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फीरिअर यांच्यापुढे टू येतो, दॅन नाही. माय एल्डर ब्रदर ठीक, पण तुलनेत ओल्डर दॅन मी.

'डिग्री बदला', म्हणजे तुलनेचं रूप बदलून तेच वाक्य लिहा, या परीक्षेतल्या प्रश्नात 'मुंबई इज बिगर दॅन एनी सिटी इन महाराष्ट्र' लिहिणारे मुंबईला मुंबईपेक्षाच मोठी करतात. एनी अदर सिटी लिहा. 'द पॉप्युलेशन ऑफ पुणे इज लार्जर दॅन नागपूर' यात तर लोकसंख्या अख्ख्या शहराशी तोलली. दॅन दॅट ऑफ नागपूर हवं. दॅन दिसला की मी त्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने रेघ मारते. डावीकडे लोकसंख्या असेल तर उजवीकडेही लोकसंख्याच पाहिजे.