आजोबा लढाईवर गेले होते म्हणतात, पण नेमके कुठे? माग काढायचा कसा

आमच्या घरात लहानपणापासून एकच वाक्य ऐकत आलो, आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीला लढायला गेले होते. बस, एवढंच. पलटण कुठली, किती वर्षं, तिथे करत काय होते, कोणाला ठाऊक नाही आणि आजोबा स्वतः त्याबद्दल अवाक्षर बोलायचे नाहीत, फक्त आम्ही पोरं अंगणात दंगा करायला लागलो की "फालीन!" म्हणून ओरडायचे. ते फॉल इन, म्हणजे रांगेत उभे राहा, होतं हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. दोन वर्षं लागली मला सगळं जुळवायला, त्यातले निम्मे दिवस चुकीच्या जागी शोधण्यात गेले, म्हणून म्हटलं लिहून ठेवावं, आमच्या गोव्यात, पेडणे-डिचोली-सत्तरीत, अशी घरं बरीच असणार.

सुरवात नेटवरून करू नका. आधी माणसं गाठा. आपल्याकडे गणपतीच्या चवथीसारखी संधी नाही, सगळे मूळ घरी आलेले असतात, दुपारी जेवणं झाली की पुरुष पत्ते कुटायला बसतात तेव्हा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसा. आणि "आजोबा युद्धात काय करायचे" असं विचारू नका, उत्तर येतं "लढायचे, आणखी काय करणार". पैसे कसे यायचे, पत्र कोण वाचून दाखवायचं, परत आले तेव्हा सोबत काय आणलं, झोपेत काय बडबडायचे, असलं विचारा. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, पण सांगून ठेवा, चोरून नको. माझ्या आतेने सहज सांगितलं की मनीऑर्डर बांद्याला मावशीच्या पत्त्यावर यायची. मी ते ऐकून सोडून दिलं होतं आणि तिथेच चुकलो. अहो, गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे आणि पोर्तुगाल त्या युद्धात तटस्थ, आजोबा सीमेपलीकडे जाऊन भरती झालेले, म्हणजे फौजेच्या कागदावर ते गोव्याचे नव्हतेच, सावंतवाडी संस्थानातले बांद्याचे होते! मी सहा महिने पेडण्याच्या नावाने शोधत बसलो.

मग ट्रंक. प्रत्येक घरात एक असते, माळ्यावर नाहीतर कोठीत. त्यात सगळ्यात मोलाचं म्हणजे डिस्चार्ज बुक, फौजेतून सुटताना मिळणारं पुस्तक, त्यावर नंबर, हुद्दा, भरतीची तारीख, पलटण सगळं मिळतं. ते नसेल तर पदकं बघा. दुसऱ्या महायुद्धातली सहा टोकांची पितळेसारखी दिसणारी ती स्टार, त्यावर मधे राजाची अक्षरं. फीत शाबूत असेल तर रंगावरूनच कळतं, लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल म्हणजे इटली स्टार, वाळूच्या रंगाची आणि मधे लाल पट्टा असेल तर आफ्रिका, गडद निळ्यात मधे लाल आणि दोन बाजूंना केशरी पट्टे म्हणजे बर्मा. आता पदक उलटं करा. हिंदी सैन्यातल्या लोकांच्या स्टारवर मागे बऱ्याचदा नंबर, नाव, पलटण कोरलेली असते, ब्रिटनमधल्या शिपायांना हेच स्टार कोरे मिळायचे, तेव्हा या एका बाबतीत आपण नशीबवान. १९६५ चं समर सेवा स्टार, १९७१ चं पूर्वी किंवा पश्चिमी स्टार असेल तर काम आणखी सोपं, कारण ते कागद तेवढे जुने नाहीत.

आणि हात जोडून सांगतो, घासू नका. आमच्या काकीने चवथीला समया घासताना आजोबांची स्टारही चिंच-मीठ लावून लख्ख केली, वर कौतुकाने दाखवलीसुद्धा. कोरलेल्या नावातली तीन अक्षरं गेली ती गेलीच. कागदांना लॅमिनेशनही नको. दिवसाउजेडी सोप्यावर ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागे पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं असतं तेच कामाला येतं. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवलंत तर बुरशी, उघडं ठेवलंत तर कसर, त्यामुळे कागदाच्या पाकिटात घालून स्टीलच्या डब्यात ठेवा आणि पाऊस संपला की एकदा वारं लागू द्या.

आता नावाचा घोळ, हा आपल्या गोंयकारांचा खास. घरातल्या पोर्तुगीज काळातल्या रजिस्त्रात शिवराम असेल तर पहिलं अक्षर एक्स असतं, नाईकच्या शेवटी क्यू, प्रभूचं पोरोबो झालेलं असतं. फौजेतल्या कारकुनाने तेच नाव इंग्रजी कानाने लिहिलेलं. म्हणजे दोन्ही स्पेलिंगं शोधायची, वडिलांच्या नावासकट. त्यात नाईक हा फौजेत हुद्दाही आहे! मी एका यादीत नाईक बघून "सापडले, सापडले" म्हणून सगळ्या घराला फोन केले, तो बिचारा कोल्हापूरकडचा निघाला आणि नाईक हे त्याचं पद होतं, आडनाव नव्हे.

एवढं जमलं की मग पत्र. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर रेजिमेंटचं सेंटर आणि रेकॉर्ड ऑफिस दोन्ही बेळगावात. पत्रात नंबर, नाव (सगळ्या स्पेलिंगांत), वडिलांचं नाव, तेव्हाचा पत्ता, भरतीचं साल, आणि तुमचं नातं काय याचा पुरावा जोडा. पेन्शन मिळत असेल तर पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) नंबर शोधा, तो असेल तर माग लागायची शक्यता जास्त. पणजीला राज्य सैनिक बोर्ड आहे आणि पत्ता पलीकडचा असेल तर सिंधुदुर्गाचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, विशेषतः आजी विधवा म्हणून काही मानधन घेत असेल तर तिच्या नावाची फाईल असू शकते, तेव्हा आजीच्या नावानेही विचारा, हे लोक विसरतात.

माणूस युद्धात मारला गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर फुकट शोधता येतं, पण तिथे फक्त मृतांचीच नोंद असते, १९१४ ते १९२१ आणि १९३९ ते १९४७. जगून परत आलेला माणूस तिथे मिळणार नाही. स्वातंत्र्यानंतरचे शहीद दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर, त्याचीही नावं ऑनलाइन आहेत.

पलटण कळली की गोष्ट आपोआप उलगडते. इटलीत मराठ्यांच्या वेगवेगळ्या बटालियन वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये होत्या. यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला ती १० जुलै १९४४ ची लढाई तिसऱ्या बटालियनची, वरच्या टायबर खोऱ्यातली. तोच क्रॉस मिळालेल्या नामदेव जाधव यांचा पराक्रम ९ एप्रिल १९४५ चा, सेनियो नदीवर, पहिल्या बटालियनचा. आपला माणूस कुठल्या नंबरच्या बटालियनमध्ये होता त्यावरून तो त्या दिवसांत साधारण कुठे असेल ते कळतं. साधारण म्हणतोय, कारण पलटण लढत होती म्हणजे तो त्या दिवशी तिथेच होता असं नाही, हॉस्पिटलात असेल, रजेवर असेल. घरातल्या दंतकथा आणि कागद यांत फरक पडला तर कागदाच्या बाजूने राहा, पण दंतकथाही लिहून ठेवा, "काका असं सांगायचे" म्हणून वेगळ्या ओळीत.

आमच्यात नेमकं हेच झालं. काका चाळीस वर्षं सांगत आले की आजोबांनी संगिनीने जर्मन मारले. कागद निघाले तर आजोबा खेचरांबरोबर. इटलीच्या डोंगरात गाड्या चढत नाहीत अशा ठिकाणी दारूगोळा, पाणी, रेशन खेचरांवर लादून नेत, ते बहुतेक रात्रीचं, कारण दिवसा वर जर्मन बघत बसलेले. मला हे ऐकून आजोबांबद्दल जास्तच वाटायला लागलं, अंधारात खेचराचं तोंड धरून चढणारा विशीतला पोर. काका मात्र दोन दिवस बोलले नाहीत.

शेवटचं काम छोटं आहे पण तेच राहून जातं. हॉलमधल्या हार घातलेल्या फोटोमागे एक कागद चिकटवा, नंबर, पलटण, कुठून कुठे, साल, आणि ही माहिती कोणी दिली ते नावानिशी. बायांची नावं पण घाला, आमच्याकडे अर्धी माहिती आतेची आहे. एक कॉपी म्हाळाच्या दिवशी सगळे जमतात तेव्हा वाचा, पितरांचं पान वाढून होईपर्यंत वेळ असतोच, आणि वाचताना कोणीतरी हमखास म्हणतं "नाही नाही, ते असं नव्हतं", ते लगेच टिपून घ्या. आमच्या फोटोमागचा कागद दोन पानी झालाय. काकांनी त्यातला खेचर हा शब्द खोडायला सांगितलाय, मी अजून खोडलेला नाही.